एखादा चांगलासा व्हिडिओ

डॉक्टरांनी ताईचं डोकं दोन्ही हातांत धरून एका बाजूला वळवलं आणि तिला झटक्यात आडवं केलं. ताई ओरडली आणि तिने खाटेची कड घट्ट धरली. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी छत, पंखा आणि डॉक्टर असे तिघेही गरगरा फिरत होते, आणि त्यातला पंखा बंद होता. डॉक्टर मात्र तिच्या डोळ्यांत बघून खूश झाले. आजार नेमका सापडला की डॉक्टरांना जो आनंद होतो, तो पेशंटच्या वाट्याला सहसा येत नाही.

"उजवा कान," ते म्हणाले.

कानात म्हणे बारीक खडे असतात. ते जागचे हलले की माणसाला जग फिरल्यासारखं वाटतं. यावर गोळी नाही. डोकं ठरावीक पद्धतीने वळवत न्यायचं, म्हणजे खडे घरंगळत आपल्या घरी परत जातात.

"कानाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मी मागून ठेवतो," डॉक्टर म्हणाले, "पण ती मिळायला बराच वेळ जाईल. तोवर घरी हा व्यायाम करा. व्हिडिओ ढिगाने आहेत. एखादा चांगलासा बघून करा."

आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. 'एखादा चांगलासा' हे दोन शब्द आपण कुणाच्या घरी पाठवतो आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती शाळेची बस चालवते. तिच्या बसमध्ये चढलेलं मूल शाळेत पोचेपर्यंत आईबापांना आठवत नाही, इतका तिच्यावर लोकांचा विश्वास. शाळेला सुट्टी लागली आणि ताईला चक्कर सुरू झाली, हे एका अर्थी बरंच झालं. पण सुट्टी संपायच्या आधी सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी व्हायची होती. चक्कर येणाऱ्या माणसाच्या हाती बस देत नाहीत, आणि शाळा उघडताना जी बस ज्याच्याकडे जाते ती वर्षभर त्याच्याकडेच राहते. ताईला दुसरं काही येत नव्हतं असं नाही. तिला दुसरं काही करायचं नव्हतं.

आणि ताईचे यजमान म्हणजे माझे साडू. त्यांना घरीदारी सगळे 'तपासनीस' म्हणतात. हयातभर ते बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. मागे लख्ख दिवा, पुढून बाटल्यांची रांग चाललेली, आणि त्यातली बुडबुड्याची किंवा केसाएवढ्या चिरेची बाटली नेमकी उचलून बाजूला टाकायची, हे त्यांचं काम. तिथे यंत्रांचा आवाज एवढा की सगळे कानांत बोळे घालून वावरायचे आणि हातवाऱ्यांनी बोलायचे. शिव्यासुद्धा हाताने. निवृत्त झाले तरी ते पाण्याचा पेला आधी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात आणि मग पितात. स्वतःच्या लग्नातही त्यांनी हार आधी उजेडात धरून पाहिला होता, असं ताई सांगते. ते खोटं असावं, पण ऐकणारे लगेच मान डोलावतात.

निवृत्तीनंतर त्यांनी व्हिडिओंची तपासणी हाती घेतली. कुणी नेमलं नव्हतं. इमारतीतल्या एकाचा नळ गळत होता, त्याने दहा व्हिडिओ बघून नळ उपटून हातात घेतला, तेव्हा तपासनिसांनी त्याला अकरावा शोधून दिला आणि नळ थांबला. तेव्हापासून रांगच लागली. मुलाला अपूर्णांक समजत नाहीत, शिलाई मशीन दोरा तोडतं, कुंडीतलं झाड मान टाकतं. प्रत्येकाला हवा असायचा एखादा चांगलासा व्हिडिओ, आणि तो तपासनिसांकडे मिळायचा.

त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. व्हिडिओच्या दर्शनी चित्रात माणसाने आ वासलेला असला, की तो बाद. "वॉशर बदलताना कुणाचा आ होतो हो?" ते मला विचारत. चित्रात लाल बाण असला की बाद. 'हे तुम्हाला कुणीच सांगणार नाही' असं म्हणणारा बाद, कारण तेच सांगणारे खाली ओळीने बसलेले असतात. साइट आपण होऊन जे पुढे करते त्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. अंगठ्याने यादी खाली, आणखी खाली ढकलत ते अशा जागी पोचत, जिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नसे. तिथे खरी माणसं राहतात, असं त्यांचं मत होतं. मग प्रतिक्रिया. कौतुकाच्या वगळायच्या, कुरकुरीच्या वाचायच्या. 'फारच सावकाश दाखवता' अशी तक्रार दिसली की त्यांचा चेहरा उजळे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज बंद. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"आवाज म्हणजे दलाल," ते म्हणत. "माल बघायचा असेल तर दलालाला आधी खोलीबाहेर काढा. माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलेल. हात खोटं बोलत नाहीत."

बोळे घालून काढलेल्या आयुष्याला हे शोभून दिसत होतं. नळाला आणि शिलाई मशीनला ते लागूही पडत होतं.

ताईच्या व्हिडिओसाठी मात्र त्यांनी स्वतःचेच नियम आणखी कडक केले. तीन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. पांढरा कोट घातलेले बाद. कोट भाड्याने मिळतो. मागे पुस्तकांचं कपाट असलेले बाद; कपाटही मिळतं. सांगाड्याची कवटी हातात घेऊन हसणारा एक होता, त्याला तर त्यांनी दोनदा बाद केला. शेवटी चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"या, साडूभाऊ. असा माल बघायला मिळत नाही."

पडद्यावर एक वयस्क बाई होती. साधी खाट, मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. बाई कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली, आणि मग तिने डोकं एका बाजूला वळवून पाठीवर अंग टाकलं. इतक्यात उशी घसरून खाली पडली. बाई उठली, उशी उचलली, झटकली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"पाहिलंत?" तपासनिसांनी चक्क पडद्याला हात जोडले. "चूक कापली नाही! कापता आली असती, पण ठेवली. आजकाल लोक मुद्दाम चुकतात, बरं का, विश्वास बसावा म्हणून. तेही मी ओळखतो. ही खरी चूक आहे. उशी बघा कशी पडली ती."

मी उशी पाहिली. खरीच वाटत होती.

"हे उजव्या कानासाठीच आहे ना पण?" मी विचारलं.

"कान कुठलाही असो," ते म्हणाले, "डोकं एकच असतं."

हे इतकं बिनतोड होतं की मी पुन्हा उशीकडे बघायला लागलो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ व्यायाम सुरू झाला. पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही, टीव्हीवर मुकी बाई, पलंगावर ताई, आणि उशाशी उभे तपासनीस. पडद्यावरची बाई डोकं ज्या खांद्याकडे नेई त्याच खांद्याकडे ते ताईचं डोकं नेत. त्यांचे हात सुरेख चालत. एवढी हयात काचेत गेलेला माणूस. बायकोचं डोकंही ते काचेचं असल्यासारखं धरत. ताई डोळे मिटून, ओठ दाबून पडून राही. बाई उठली की ताईला उठवायचं. मग पलंगाच्या कडेवर बसून ताई दोन्ही हातांनी गादी धरे, आणि तपासनीस विचारत, "कसं वाटतंय?" आणि ती काही बोलायच्या आत तिच्या चेहऱ्याकडे निरखून म्हणत, "फरक आहे."

आठवड्याभराने ताई म्हणाली, "अहो, जास्तच फिरतंय."

"फिरणारच. खडे हलतायत. म्हणजे लागू पडतंय."

"आणि मळमळतं."

"मळमळणारच."

"आणि नाही मळमळलं तर?"

"म्हणजे बरं वाटतंय," तपासनीस म्हणाले. "मी व्हिडिओ काय असातसा निवडलाय का?"

त्यांच्या शास्त्रात ताईने काहीही केलं तरी ती बरी होत होती. फक्त ती बरी होत नव्हती.

एकदा संध्याकाळी ताईने मला गुपचूप विचारलं, "जरा डेपोपर्यंत येता का माझ्याबरोबर? ह्यांना नको सांगायला." आम्ही गेलो. वॉचमनने फाटक उघडलं. सुट्टीमुळे बस कोपऱ्यात धूळ खात उभी होती. ताईने बाहेरूनच टायरवर हात फिरवला, जसा कुणी म्हशीच्या पाठीवर फिरवेल, आणि ड्रायव्हरचं दार उघडून वर चढली. मी शेजारी बसलो. तिने सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. मग नेहमीच्या सवयीने उजवा आरसा बघायला तिने मान वळवली.

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. दोन्ही हातांनी तिने चाक आवळलं आणि उजवा पाय पूर्ण ताकदीने ब्रेकवर दाबला. बस बंद होती. हातब्रेक ओढलेला होता. किल्ली वॉचमनच्या खिशात होती. आणि ताई ती बस थांबवायचा प्रयत्न करत होती.

जराशाने तिने पाय काढला.

"मागे मुलं असती तर?" ती म्हणाली.

पेपरात विनोदी सदर लिहिणारा मी, आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चुरचुरीत बोलत आलो आहे. त्या बसमधून मी नुसता खाली उतरलो आणि तिला उतरायला हात दिला.

त्याच आठवड्यात ताई सकाळी तोंड धुताना बेसिनवर पडली. भुवईपाशी खोक पडली, दोन टाके घालावे लागले. तपासनिसांनी घरी आल्यावर व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज बंद ठेवून, सावकाश, हाताची एकेक हालचाल थांबवून थांबवून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला.

"व्हिडिओत खोट नाही," ते म्हणाले.

"मग माझ्यात आहे का?" ताई म्हणाली. भुवईवर पट्टी होती, त्यामुळे तिचा एकच डोळा त्यांच्याकडे बघत होता, पण तो पुरेसा होता.

तपासनीस उशी नीट करत राहिले.

आमच्या हिची पद्धत बरोबर उलटी. ती व्हिडिओ बघतच नाही, ऐकते. स्वयंपाक करताना, कपडे घडी करताना फोन कुठेतरी उलटा ठेवलेला असतो आणि त्यातून कुणीतरी बोलत असतं. साइटने पहिला दिलेला व्हिडिओ तिला चालतो, दुसराही चालतो. आ वासलेला आहे की नाही हे तिला दिसतच नाही. तपासनीस तिच्याबद्दल ताईला म्हणत, "तुझी बहीण म्हणजे सगळं गिऱ्हाईक एकटीच आहे." ताईला टाके पडले त्या दुपारी ही मला म्हणाली, "भाऊजींचा तो व्हिडिओ मला पाठवा बघू. आहे तरी काय एवढं त्यात?"

मी पाठवला. तिने फोन इस्त्रीच्या टेबलावर पालथा ठेवला, व्हिडिओ लावला आणि माझा सदरा इस्त्री करायला घेतला. मी पेपर वाचत होतो. त्या बाईचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. शांत, थोडा घोगरा, बालवाडीच्या बाई बोलतात तसा.

"नमस्कार. सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. माझा डावा कान बिघडला होता, म्हणून मी डाव्या बाजूने करून दाखवते आहे. तुमचा उजवा बिघडला असेल तर हे सगळं उलट्या बाजूने करायचं. पुन्हा सांगते..."

बाईने पुन्हा सांगितलं. मग उशी पडल्याचा धप्प आवाज आला, आणि बाई म्हणाली, "उशी पडली, हरकत नाही. तेवढ्यात परत एकदा सांगून ठेवते, उजवा असेल तर उलटं."

हिने इस्त्री उभी ठेवली. मी पेपर खाली ठेवला.

"अहो," ही म्हणाली, "ताईचा उजवा ना?"

आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाची तयारी चालली होती. उशी जागेवर होती, ताई पलंगाच्या कडेवर बसली होती, टीव्हीवर बाई सुरू व्हायच्या बेतात थांबवून ठेवली होती. हिने काही प्रस्तावना केली नाही. "भाऊजी, रिमोट द्या," म्हणाली, आणि घेतलाच. आवाज वाढवला.

बाई बोलली. खोलीत चौघं जण आणि ती. तपासनीस पडद्याकडे बघत उभे होते. नेहमीसारखे हातांकडे नाही, तोंडाकडे. बाईचं सांगून झालं, उशी पडली, बाईने पुन्हा सांगितलं.

"आवाज नंतर चढवला असेल," तपासनीस म्हणाले.

हिने व्हिडिओ मागे नेऊन तेच वाक्य पुन्हा लावलं.

"लोक चढवतात. मागाहून."

"अहो," ताई म्हणाली, फार मोठ्याने नाही, "तुम्ही रोज मला विचारत होतात, कसं वाटतंय. मी रोज सांगत होते."

एवढ्या मोठ्या खोलीत तपासनिसांना उभं राहायला जागा सापडेना. ते ताईच्या मागे आले आणि नेहमीसारखे डोकं धरायला दोन्ही हात पुढे केले.

"तुम्ही नको," ताई म्हणाली. "ही करेल."

ते हात काही क्षण तसेच राहिले. मग तपासनीस बाहेरच्या खोलीत गेले. जाताना उगाच उशी उचलून नेली होती; ती परत आणून दिली आणि पुन्हा गेले.

हिला ताईच्या डोक्याला हात लावायचीच भीती. मी बाईचं वाक्य न् वाक्य मोठ्याने उलटं करून सांगत होतो: ती म्हणाली डावीकडे, मी म्हणायचं उजवीकडे. दुसऱ्याचं वाक्य उलटं करायचं, हे पोटापाण्यासाठी मी आयुष्यभर केलं; ते पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होतं. ताईला उजवीकडे वळवून आडवं केलं तशी ती अशी ओरडली की बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिची नखं हिच्या मनगटात रुतली. "घर उलटं होतंय," ती म्हणत होती, "धर मला, घर उलटं होतंय." हिने धरून ठेवलं. बाईने सांगितलं तेवढं थांबलो, मग दुसरीकडे वळवलं, मग कुशीवर, मग उठवून बसवलं.

ताई बसली. गादी धरून. आम्ही वाट बघत होतो.

तिने सावकाश मान उजवीकडे नेली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे.

"घर उभं आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पुढचे दोन-तीन दिवस आम्ही आणखी केलं, पण चक्कर आली नाही. घरात मात्र सगळं शांत झालं होतं, आणि ती शांतता बरी नव्हती. तपासनीस पाणी आणून देत, पांघरूण घडी करत, औषध लावत. ताई 'हं' म्हणे. कुणीतरी खालच्या मजल्यावरून गळक्या टाकीसाठी व्हिडिओ मागायला आलं, तेव्हा ते म्हणाले, "प्लंबर बोलवा." माणूस चकित होऊन गेला. एवढा मोठा सल्ला त्यांनी आधी कुणालाच दिला नव्हता.

तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र ते बोलले.

"हे बघ, आता चक्कर येते का?"

"नाही."

"मग विचारलं तर नाही म्हण. खोटं कुठे आहे त्यात? आता नाहीच आहे."

"ते विचारतात गेल्या काही महिन्यांत आली होती का म्हणून."

"अगं, मधल्या काळात तर चुकीची बाजू चालली होती. योग्य इलाज झाला तसा एका दमात गेली. म्हणजे आजार तेवढाच. बाकीची माझी चूक. माझ्या चुकीची शिक्षा तू का भोगतेस?"

हिलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. आम्ही तिघंही सुज्ञ माणसं आहोत. ताई ऐकत होती आणि भुवईवरचा टाक्यांचा व्रण बोटाने चाचपत होती.

डेपोतली तपासणीची खोली म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा आणि एक पडदा. आम्ही दोघे साडू पडद्याबाहेर बाकावर. आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर तरुण होते आणि बाहेर ड्रायव्हरांची रांग लांब होती. डोळ्यांची अक्षरं वाचून झाली. एका सरळ रेषेवरून चालून झालं. ताई चालली ती जणू तिच्यासाठीच रेषा आखली होती. डोळे मिटून उभं राहून झालं.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "फिट येते?"

"नाही."

"रातांधळेपणा?"

"नाही."

"चक्कर, भोवळ... नाही. बरं, इथे सही..."

"मी अजून सांगितलं नाही," ताई म्हणाली.

माझ्या शेजारी तपासनिसांनी मांडीवर मूठ आवळली.

"काय?"

"चक्कर येत होती. सुट्टीभर. गेल्या आठवड्यापासून नाही."

मग डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही एकदम ठणठणीत आहात. मी बघतोय ना. हे लिहिलं तर मला मोठ्या डॉक्टरांचा दाखला मागावा लागेल. त्यांची वेळ मागितली आहे का? कधीची?"

"शाळा उघडल्यावर बऱ्याच दिवसांनी."

"मग? मी ऐकलं नाही असं समजू का?"

"नको," ताई म्हणाली. "डॉक्टर, माझी चक्कर गेली असं मला वाटतं. पण गेलीच आहे हे मला नक्की माहीत नाही. आमच्या घरात एक माणूस सगळं नक्की म्हणत होता. चांगला माणूस आहे, जीव लावून करत होता, आणि पार चुकला. आता मी नक्की म्हणू, आणि मागे मुलं बसवू?"

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा उचलल्याचा.

ती बाहेर आली तेव्हा हातात तात्पुरत्या नकाराचा कागद होता. तपासनीस उभे राहिले. तिची पिशवी त्यांनी घ्यायला हात पुढे केला, आणि तिने दिली. त्या आठवड्याभरात तिने त्यांच्या हाती दिलेली ती पहिलीच वस्तू होती, आणि ते ती दोन्ही हातांनी धरून चालले.

बस एका बदली ड्रायव्हरला मिळाली. पोरगेला, हसरा माणूस. हातात गाडी होती पण रस्ता डोक्यात नव्हता. शाळा उघडायच्या आधी तो रोज संध्याकाळी ताईला फोन करायचा. कुठल्या वळणावर सायकलवाले अंगावर येतात, कुठल्या फाटकापाशी आजोबा नातवाला सोडायला उशीर करतात, कुणाला खिडकीशी बसवलं की उलटी होते. ताई सगळं सांगायची. नीट, न कंटाळता. ती जेवढं सांगत होती तेवढी ती बस त्याची होत होती, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

"ताई, तुम्ही असं करा ना," एकदा तो म्हणाला, "या रस्त्याचा एखादा चांगलासा व्हिडिओ करून पाठवा. मी बघून घेईन."

फोन स्पीकरवर होता. तपासनीस दाराशी उभे होते. ते आत निघून गेले.

"व्हिडिओ नको," ताई म्हणाली. "मुलांबरोबर मदतनीस लागतेच ना? मी डेपोत बोलते. मीच येते बसमधून. शेजारी बसून सांगेन."

पगार निम्म्याहून कमी. डेपोवाल्यांनी आनंदाने हो म्हटलं.

शाळा उघडायच्या दिवशी आम्ही दोघं मुद्दाम सकाळी ताईकडे गेलो. ही वर ताईचा डबा भरत होती. तपासनीस आणि मी खाली फाटकाशी उभे होतो. बस वळणावरून आली, फाटकाच्या जरा पुढे जाऊन थांबली. ताई खाली आली. केस नीट बांधलेले, भुवईचा व्रण पावडरीखाली. आमच्याकडे बघून हसली, डबा पिशवीत टाकला, आणि झपझप चालत गेली ती थेट ड्रायव्हरच्या दाराकडे. मुठीवर हात ठेवून तिने दार ओढलंसुद्धा.

आत तो बदली ड्रायव्हर चाकावर हात ठेवून बसला होता. तो गडबडून उठायलाच लागला.

ताईने दार हळूच लावून दिलं. बसच्या तोंडापुढून वळसा घालून ती पलीकडे गेली आणि पलीकडच्या दारातून चढली. बस निघाली. वळणावर त्याने ब्रेक जरा उशिरा लावला, आणि आतून तिचा हात पुढे आलेला दिसला, सावकाश, असा.

तपासनीस कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही काही पाहिलंत का, साडूभाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

"मीही नाही," ते म्हणाले, आणि जिना चढायला लागले.